बारा किल्ले, एक विनंती

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यानंतर आमच्या ट्रेकिंगच्या गटाने या बारांची छोटी पुस्तिका काढायचे ठरवले. प्रत्येक किल्ल्याची चार ओळींची ओळख आणि अक्षांश-रेखांश, एवढेच तिच्यात हवे होते. गटातला एक जण मराठी विकिपीडियाची पाने एकेक उघडून कॉपी-पेस्ट करायला बसला. मी त्याला थांबवले. बारा पाने हाताने होतील, पण उद्या हीच यादी तीनशे किल्ल्यांची करायची म्हटले तर? आणि सहा महिन्यांनी लेख सुधारले गेले तर पुन्हा सगळे पहिल्यापासून करणार का?

मराठी विकिपीडियाला हेच प्रश्न प्रोग्राममधून विचारता येतात. त्यासाठीची सोय म्हणजे एपीआय. वेबसाइटचे पान माणसाने वाचायचे असते. चित्रे, मेनू, रंग हे सगळे त्यात येते. एपीआय ही त्याच वेबसाइटची दुसरी खिडकी. तिथे प्रोग्रामने प्रश्न टाकायचा आणि नुसती माहिती घेऊन परतायचे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिची ही खिडकी सर्वांना खुली आहे. नुसते वाचायचे असेल तर खाते लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

नव्याने शिकणाऱ्या मराठी माणसाने सुरुवात इथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगतो. इंग्रजी धड्यांत बहुधा एखाद्या परदेशी शहराचे हवामान विचारायला शिकवतात. ते लगेच जमते, आणि मग पहिल्यांदा देवनागरी मजकूर हातात आला की सगळे अडते. मराठी विकिपीडियापासून सुरुवात केली तर आपल्या लिपीच्या अडचणी पहिल्याच दिवशी भेटतात आणि तिथेच सुटतात.

हे काम करण्यासाठी पायथॉन भाषेत अनेक लायब्रऱ्या आहेत. मी वर्षानुवर्षे वापरतो ती रिक्वेस्ट्स. केनेथ राइट्झ यांनी ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली. ‘एचटीटीपी फॉर ह्यूमन्स’, म्हणजे माणसांसाठी एचटीटीपी (वेबवर विनंत्या आणि उत्तरे पाठवण्याची पद्धत), हे तिचे ब्रीद. त्याआधी पायथॉनसोबत येणारी साधने वापरून एखादी साधी गोष्ट मागवायची तरी चार-पाच वस्तू जुळवाव्या लागत. रिक्वेस्ट्सने ते एका ओळीवर आणले. तिच्या पोटात खरे काम युआरएललिब३ ही दुसरी लायब्ररी करते, आणि आज रिक्वेस्ट्सचा सांभाळ पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली होतो.

विचारणे इतके सोपे झाल्यामुळे एक गोष्ट मात्र मागे पडली. आलेले उत्तर पूर्ण आहे का, खरे आहे का, आपण विचारले त्याचेच आहे का, हे लायब्ररीला कळत नाही. ती निरोप पोचवते आणि उत्तर आणून देते. ते तपासणे आपल्याकडेच राहते. शिकवताना या दुसऱ्या अर्ध्याला फारच कमी वेळ मिळतो. म्हणून या लेखात मी त्याच्यावरच जास्त जागा खर्च करणार आहे.

एक सूचना आधीच देतो. लेखात आज्ञा आणि पॅरामीटर देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत लिहायचे; पायथॉनचे ‘फॉल्स’ आणि ‘नन’, तसेच ‘सेशन’ आणि ‘रिट्राय’ यांचे पहिले अक्षर मात्र मोठे.

बसवताना

‘पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ एवढी आज्ञा पुरते. गुगल कोलॅब वापरत असाल तर तीही नको, लायब्ररी तिथे आधीपासून असते. नावाच्या शेवटचा ‘स’ विसरू नका. पिपच्या भांडारात कोणीही कोणत्याही नावाने पॅकेज टाकू शकतो, आणि एका अक्षराच्या चुकीने भलत्याच माणसाचा कोड तुमच्या संगणकावर उतरतो.

दुसरी चूक एका कार्यशाळेत मी पाहिली. बारावी झालेली एक मुलगी तासभर अडून बसली होती. लायब्ररी बसली होती, आज्ञा बरोबर होती, पण प्रत्येक वेळी ‘रिक्वेस्ट्समध्ये गेट नावाचे काही नाही’ असा एरर येत होता. शेवटी फोल्डर उघडून पाहिले तेव्हा कळले की तिने आपल्या फाइललाच ‘रिक्वेस्ट्स डॉट पीवाय’ असे नाव दिले होते. पायथॉन आधी आपल्याच फोल्डरमध्ये शोधतो. त्याला तीच फाइल सापडली आणि तो खऱ्या लायब्ररीपर्यंत पोचलाच नाही. फाइलचे नाव ‘किल्ले’ केले आणि काम सुरू झाले. फाइलला लायब्ररीचे नाव कधीही देऊ नका.

प्रश्न लिहिणे

मराठी विकिपीडियाच्या एपीआयचा पत्ता एकच आहे: एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी, मग तिरकी रेघ, डब्ल्यू, पुन्हा तिरकी रेघ आणि एपीआय डॉट पीएचपी. आपल्याला काय हवे ते पॅरामीटरमधून सांगायचे. ते पत्त्याला हाताने चिकटवत बसू नका. पायथॉनची एक डिक्शनरी करा आणि ती रिक्वेस्ट्सच्या ‘गेट’ या आज्ञेला ‘पॅराम्स’ म्हणून द्या.

हाताने चिकटवू नका असे का म्हणतो, ते ‘रायगड’ या शब्दावरून पाहा. संगणकाच्या हिशेबाने यात पाच चिन्हे आहेत: र, काना, य, ग आणि ड. युटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे पंधरा बाइट झाले. वेबच्या पत्त्यात देवनागरी तशीच जात नाही, प्रत्येक बाइटसाठी एक टक्क्याची खूण आणि दोन अक्षरे लागतात. म्हणजे पाच चिन्हांचा रायगड पत्त्यात पंचेचाळीस अक्षरांचा होतो. हे काम डोळ्यांनी करण्याजोगे नाही. डिक्शनरीत सरळ मराठीत ‘रायगड’ लिहा, पंचेचाळीस अक्षरे लायब्ररी स्वतः तयार करते.

आता आपला प्रश्न. ‘ॲक्शन’ला ‘क्वेरी’ द्या, ‘फॉरमॅट’ला ‘जेसन’ (प्रोग्रामला वाचायला सोपी अशी माहितीची मांडणी) आणि ‘फॉरमॅटव्हर्जन’ला २. हा २ विसरला तर उत्तराची जुनी मांडणी येते, तिच्यात पाने क्रमांकाच्या किल्लीखाली दडलेली असतात. ‘प्रॉप’मध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट्स’ आणि ‘कोऑर्डिनेट्स’ मागा. पहिल्याने लेखाचा मजकूर मिळतो, दुसऱ्याने अक्षांश-रेखांश. लेखाची फक्त प्रस्तावना हवी म्हणून ‘एक्सइंट्रो’, आणि खुणांशिवाय साधा मजकूर हवा म्हणून ‘एक्सप्लेनटेक्स्ट’. ‘टायटल्स’मध्ये बारा लेखांची नावे. एका विनंतीत पन्नास नावे चालतात, त्यामुळे बारा किल्ले एका फेरीत बसतात. बारा वेळा दार ठोठावण्याची गरज नाही.

इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्ही पायथॉन चांगले येणाऱ्यालाच जास्त लागतात.

पायथॉन येणारा माणूस बारा नावांची लिस्ट करतो आणि तीच ‘टायटल्स’ला देतो. रिक्वेस्ट्स ती मान्य करते आणि पत्त्यात ‘टायटल्स’ हा शब्द बारा वेळा लिहिते. पलीकडचा पीएचपी सर्व्हर त्यातला शेवटचा तेवढा धरतो. एररही येत नाही आणि सूचनाही नाही, फक्त जिंजी परत येतो. नावे उभ्या रेघेने जोडून एकच ओळ करून द्यायची, मीडियाविकीला तसेच लागते.

दुसरा खड्डा हो-नाहीचा. मीडियाविकीत असा पॅरामीटर नुसता हजर असला की त्याचा अर्थ ‘हो’. ‘एक्सप्लेनटेक्स्ट’ला तुम्ही ‘फॉल्स’ दिले तर ‘फॉल्स’ हा शब्द पत्त्यातून जातो आणि सर्व्हर त्याला ‘हो’ समजतो. ‘नाही’ म्हणायचे असेल तर पॅरामीटर काढूनच टाकायचा, किंवा त्याला ‘नन’ द्यायचे. किंमत ‘नन’ असलेला पॅरामीटर रिक्वेस्ट्स पाठवतच नाही.

प्रश्न जुळवताना गोंधळ झाला तर मराठी विकिपीडियावरच ‘एपीआय सँडबॉक्स’ नावाचे विशेष पान आहे. तिथे रकाने भरून उत्तर लगेच पाहता येते. कोड लिहायच्या आधी मी आजही तिथेच जाऊन येतो.

दारात उभे राहण्याची रीत

विकिपीडिया देणग्यांवर चालतो. त्याच्या सर्व्हरकडे काही मागायला जाताना आपण कोण आहोत ते सांगितले पाहिजे, आणि विकिमीडियाचा तसा नियमच आहे. रिक्वेस्ट्स स्वतःहून ‘पायथॉन-रिक्वेस्ट्स’ एवढेच नाव सांगते. जगभरातल्या असंख्य प्रोग्रामांचे नाव तेच असल्यामुळे त्यातून काहीच कळत नाही, आणि अशा बिननावाच्या विनंत्या अडवल्या जाऊ शकतात. म्हणून ‘हेडर्स’मध्ये ‘युजर-एजंट’ म्हणून आपल्या कामाचे नाव आणि संपर्काचा ईमेल द्या. तुमच्या प्रोग्रामने काही गडबड केली तर तिथल्या माणसाला तुम्हाला कळवता येईल. हे नाव मात्र रोमन लिपीतच लिहा. हेडरमध्ये देवनागरी लिहिली की ‘लॅटिन-१’चा उल्लेख करणारा एरर येतो आणि विनंती निघतच नाही. मराठीच्या प्रेमाने प्रोग्रामला मराठी नाव देणारे विद्यार्थी इथे हमखास अडतात. प्रेमाने दिलेले ते नाव प्रोग्रामच्या आत वापरा. पायथॉनमध्ये ‘किल्ले’ असे देवनागरी नाव व्हेरिएबलला खुशाल देता येते.

आता वाट पाहण्याबद्दल. रिक्वेस्ट्समधली मला सर्वांत खटकणारी गोष्ट ही की आपण सांगितल्याशिवाय ती वेळेची मर्यादा पाळत नाही. पलीकडून उत्तर आले नाही तर ती थांबूनच राहते. रात्री चालू करून ठेवलेला प्रोग्राम सकाळी तिथेच उभा दिसतो, एरर नाही की काही नाही. म्हणून प्रत्येक विनंतीला ‘टाइमआउट’ द्या. दोन आकडे देता येतात, पहिला जोडणी होईपर्यंतचा आणि दुसरा उत्तराची वाट पाहण्याचा. लायब्ररीची कागदपत्रे पहिला आकडा तीनच्या पटीपेक्षा किंचित जास्त ठेवायला सांगतात, कारण हरवलेला निरोप पुन्हा पाठवण्याआधी नेटवर्क साधारण तीन सेकंद थांबते. मी ३.०५ आणि ३० लिहितो. दुसरा आकडा सगळ्या कामाचा एकूण वेळ नसतो. बाइट येता येता मध्ये जो खंड पडतो, त्याची ती मर्यादा असते. मोठी फाइल थेंब थेंब येत राहिली तर तीस सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू शकतो.

एकापेक्षा जास्त विनंत्या करायच्या असतील तर ‘सेशन’ तयार करा. एकदा झालेली जोडणी त्यात पुढच्या विनंतीलाही वापरली जाते आणि हेडर एकदाच लिहावे लागतात. विनंत्या एकापाठोपाठ एक करा. वीस एकदम सोडू नका. सर्व्हरने ४२९ हा आकडा परत केला तर त्याचा अर्थ तुम्ही घाई करत आहात, आणि ५०३ म्हणजे तो आत्ता दमला आहे. सेशनला युआरएललिब३मधला ‘रिट्राय’ जोडला, तर असे आकडे आल्यावर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करता येतो. सर्व्हरने किती थांबा ते सांगितले असेल तर ‘रिट्राय’ तेवढा वेळ थांबतोही.

उत्तर आले, तरी

उत्तरासोबत एक आकडा येतो. २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे असे पान नाही, ५०० आणि त्यापुढचे म्हणजे सर्व्हरकडची अडचण. चुकीचा आकडा आला तरी रिक्वेस्ट्स आपणहून थांबत नाही. ‘रेझ फॉर स्टेटस’ ही आज्ञा दिली तरच ती एरर देते. ही ओळ प्रत्येक विनंतीनंतर लिहायची सवय लावा.

पण मीडियाविकीच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. पॅरामीटर चुकला तरी मीडियाविकी बहुधा २०० असेच म्हणते आणि चूक उत्तराच्या आत ‘एरर’ या किल्लीखाली लिहिते. पाकिटावर सगळे ठीक, आत नकाराची चिठ्ठी. म्हणून ‘जेसन’ने उत्तर उघडल्यावर पहिल्यांदा त्यात ‘एरर’ आहे का ते पाहायचे, मग ‘वॉर्निंग्ज’ आहे का ते पाहायचे. आणि ‘जेसन’ उघडतानाच एरर आला, तर उत्तराचा ‘टेक्स्ट’ घेऊन त्याची पहिली दोनशे अक्षरे छापून बघा. बहुतेक वेळा तिथे जेसनऐवजी एखादे वेब पान आलेले असते आणि त्यात कारण लिहिलेले असते.

यानंतर पाने मोजा. बारा मागितली, बारा आली का? एखाद्या नावाचा लेखच नसेल तर त्या पानावर ‘मिसिंग’ असे लिहिलेले असते. नाव दुसऱ्या लेखाकडे वळवलेले असेल तर ‘रिडायरेक्ट्स’ हा पॅरामीटर द्यावा लागतो, नाहीतर हाती रिकामे पान येते. पाने तुम्ही दिलेल्या क्रमाने येतीलच असेही नाही, म्हणून ती नावावरून जुळवा. आणि रायगड हा किल्ला आहे तसा जिल्हाही आहे. सिंधुदुर्गाचेही तेच. नुसते नाव दिले आणि पुस्तिकेत किल्ल्याच्या जागी जिल्ह्याच्या तालुक्यांची माहिती आली, तर दोष लायब्ररीला देता येणार नाही. प्रत्येक लेख एकदा ब्राउझरमध्ये उघडा आणि शीर्षक जसेच्या तसे उचला. बारा शीर्षकांना दहा मिनिटे लागतात.

आता या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. समजा बाराही लेखांत अक्षांश-रेखांश भरलेले आहेत. तुम्ही विनंती केली, २०० आले, आत एरर नाही, बारा पाने आली. तरी अक्षांश-रेखांश दहाच किल्ल्यांचे असतील. ‘कोऑर्डिनेट्स’ची मर्यादा सांगितली नाही तर मीडियाविकी एका वेळी दहाच देते. उरलेल्या दोन किल्ल्यांचे रकाने रिकामे दिसतील आणि वाटेल, लेखातच माहिती नसेल. उत्तरात मात्र ‘कंटिन्यू’ नावाची एक किल्ली आलेली असते. तिचा अर्थ ‘अजून आहे, पुढचे मागा’. त्या किल्लीखाली जे काही असेल ते आपल्या मूळ पॅरामीटरमध्ये मिळवायचे आणि पुन्हा विनंती करायची. ‘कंटिन्यू’ यायचे थांबेपर्यंत हा फेरा चालू ठेवायचा. हे चार-पाच ओळींचे लूप आहे आणि मीडियाविकीच्या प्रत्येक प्रश्नाला ते चालते.

या फेऱ्यातही एक सांभाळायचे. दुसऱ्या उत्तरात तीच बारा पाने पुन्हा येतात, पण अक्षांश-रेखांश फक्त उरलेल्या दोघांचे असतात. तुम्ही दुसरे उत्तर पहिल्यावर जसेच्या तसे लिहिले तर आधीच्या दहांची माहिती पुसली जाते आणि दोघांची तेवढी राहते. प्रत्येक पानाची माहिती एकमेकांत मिळवत जायची, बदलायची नाही.

‘कोऑर्डिनेट्स’ची मर्यादा सांगणारा पॅरामीटर ‘कोलिमिट’ ५० केला की हा प्रश्न बारा किल्ल्यांपुरता मिटतो हे खरे. पण लूप तरीही लिहा. उद्या तुम्ही विकिपीडियावरच्या एखाद्या वर्गातले (कॅटेगरीतले) सगळे लेख मागाल, तिथेही न सांगता दहाच मिळतात आणि सांगून पाचशे. मर्यादा बदलली तरी लूप चुकत नाही. आमच्या गटातल्या एकाने लूप न लिहिता वर्गाची यादी काढली, दहा नावे आली, आणि त्या वर्गात दहाच लेख आहेत असे त्याने सगळ्यांना आत्मविश्वासाने सांगितलेही. वर्गाचे पान उघडून पाहीपर्यंत कोणालाच शंका आली नाही. अर्धी माहिती पूर्ण माहितीसारखीच दिसते, म्हणून मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपली अक्षरे

जेसन उघडताना रिक्वेस्ट्स युटीएफ नीट ओळखते, त्यामुळे विकिपीडियाकडून मराठी शाबूत येते. पण दुसऱ्या एखाद्या सर्व्हरकडून साधा मजकूर किंवा वेब पान मागवले आणि त्याने लिपीची सांकेतिक पद्धत सांगितलीच नाही, तर जुन्या नियमाप्रमाणे रिक्वेस्ट्स तो मजकूर लॅटिन-१ धरते. मग पाच चिन्हांच्या रायगडाची पंधरा चिन्हे होतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मागे चलनाचे गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, असे तीन-तीनचे पुंजके दिसू लागतात. हे पुंजके दिसले की घाबरू नका, मजकूर बिघडलेला नाही, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला गेला आहे. ‘टेक्स्ट’ वाचायच्या आधी ‘एन्कोडिंग’ला ‘युटीएफ-८’ द्या. बिघडलेला मजकूर आधीच साठवून बसला असाल तर तो लॅटिन-१ मध्ये ‘एन्कोड’ करून युटीएफ-८ मध्ये ‘डिकोड’ करा. बहुधा पूर्ण परत मिळतो.

साठवतानाही काळजी घ्यावी लागते. जेसन फाइल लिहिताना ‘एन्श्युअर आस्की’ला ‘फॉल्स’ दिले नाही, तर प्रत्येक मराठी चिन्हाच्या जागी सहा अक्षरांचा सांकेतिक आकडा बसतो. यंत्राला तो वाचता येतो, माणसाला नाही. विंडोजवर फाइल उघडताना ‘एन्कोडिंग’ लिहिले नाही तर अनेकदा ‘चारमॅप’चा एरर येतो. आणि यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल तर सीएसव्ही ‘युटीएफ-८-सिग’ या पद्धतीने लिहा. नुसत्या युटीएफ-८ मधली सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल पुष्कळदा तेच पुंजके दाखवते, आणि ज्याला तुम्ही यादी पाठवली तो समजतो की तुमच्याकडूनच चूक झाली.

तुलना करतानाही सावध राहा. ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतो, कोणी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ‘ॲ’ची गत तशीच. पडद्यावर फरक दिसत नाही, पायथॉन मात्र दोन्हींना वेगळे शब्द मानतो आणि तुमची नावे जुळत नाहीत. दोन्ही प्रकार आधी एकात बदलून घ्या आणि मग तुलना करा.

एक गोष्ट मात्र पायथॉनने आपल्यासाठी आधीच करून ठेवली आहे. ‘१२३’ असे देवनागरी आकडे मजकुरातून मिळाले तर ‘इंट’ त्यांचा सरळ एकशे तेवीस करतो. ते इंग्रजी आकड्यांत बदलायला वेगळा कोड लिहिणारे मी पाहिले आहेत, त्याची गरज नाही.

आता पुस्तिकेकडे वळू. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे द्या’ या परवान्याखाली आहे. म्हणून प्रत्येक ओळखीखाली लेखाचा दुवा आणि परवान्याचे नाव छापा. तो मजकूर तुम्ही बदलून वापरला असेल तर तेही लिहा. ज्यांनी हे लेख लिहिले त्यांना मोबदला मिळत नाही. त्यांच्या कामाचा उल्लेख तरी झालाच पाहिजे.

आणि लूप पूर्ण झाले, सगळे मोजून झाले, तरी तुमच्या यादीत एखाद्या किल्ल्यापुढे अक्षांश-रेखांशाचा रकाना खरोखरच रिकामा राहिला, किंवा ओळख एकाच ओळीची निघाली, तर तो दोष तुमच्या कोडचा नाही. मराठीत ती माहिती अजून कोणी लिहिलेली नाही. तुम्ही त्या किल्ल्यावर जाऊन आला असाल, नकाशा तुमच्या हातात असेल, संदर्भाचे पुस्तक घरात असेल, तर त्या लेखाचे पान उघडा, ‘संपादन’वर टिचकी मारा आणि माहिती संदर्भासह भरा. पुढच्या वेळी प्रोग्राम चालवाल तेव्हा तुमच्या यादीत ती येईल, आणि तुमच्यानंतर विचारणाऱ्या प्रत्येकाच्या यादीतही.